मोकळी बाजू

"डावीकडे सगळं ओसाड!" बाबांनी फोटो टेबलावर टाकला. "शास्त्रज्ञबाई, तोल नावाची काही चीज असते की नाही?"

मुलीने मान खाली घातली. फोटोत उजवीकडे किटली होती, डावीकडे लिंबू. लिंबू लहान पडलं असणार.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती बाबांच्या स्टुडिओत शिकायला बसली होती. रोज एक सराव, रोज एक छापील फोटो. महिनाअखेरपर्यंत एक तरी चौकट मनासारखी जमली तर स्टुडिओ तिचा, नाहीतर जागा शेजारच्या मोबाइलवाल्याला, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. मोबाइलवाला येऊन भिंती मोजूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने लिंबाच्या जागी भोपळा ठेवला.

"अजून तेच," बाबा म्हणाले.

तिने तरफेचं गणित मांडलं. गडद वस्तू जड, फिकट हलकी. मग डावीकडे काळी शिडी उभी केली, तिची सावलीही भिंतीवर घेतली.

"अर्धा कागद वाया घालवलास."

बाबांची नाराजी आता घरभर पसरली होती. ताटातलं अर्धं तसंच टाकून ते उठायचे. दाढीसुद्धा अर्धवटच करायचे. ती त्यांच्या डाव्या हाताला बसून काही विचारायला गेली, तर ऐकलंच नाही असं दाखवायचे.

"फार मनाला लावून घेतलंय गं त्यांनी," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "इतकी वर्षं जपलेलं दुकान आहे."

"आणि मी काय करू? उद्या फोटोत हत्ती उभा केला तरी म्हणतील, ओसाड!"

"हत्ती कुठून आणतेस? मीच राहते उभी. फारसा फरक नाही."

कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

शेवटचा सराव होता, माणूस आणि मोकळी जागा. तिने आईला पिवळा स्वेटर घालून डावीकडे उभं केलं, अगदी डोक्यापासून पायांपर्यंत. उजवीकडे नुसती भिंत आणि तिच्यावर तिरपं ऊन. फोटो तिने मोठा छापला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. आईही त्यांच्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग चक्क हसले.

"जमलं की! काय ऊन पकडलंयस भिंतीवर. जागा एकदम झकास निवडलीस."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता फक्त माणूस हवा," बाबा म्हणाले. "आईला उभी कर तिथे, म्हणजे झालं. गेली कुठे ती? हाक मार तिला."

मुलीने फोटोतल्या आईकडे बघितलं, मग बाबांच्या डाव्या खांद्याशी उभ्या असलेल्या आईकडे, आणि मग बाबांच्या डाव्या गालावर तशीच राहिलेली दाढी तिला दिसली.