नाव घेतलं की लागणारा फोन

विजेच्या खांबावर शॉक बसून वायरमन सर्जेरावांचे दोन्ही हात कोपरापासून गेले. दवाखान्यातून घरी आल्यापासून ते हो-नाहीपलीकडे बोलत नव्हते. बायको शालन भरवायची, ते मुकाट गिळायचे.

आज तिने त्यांना तासगावच्या मोबाईलच्या दुकानात आणलं होतं. दुकानदार तिलाच म्हणाला, "यांना बोट लावायला नको असा फोन देतो. नुसतं नाव घेतलं की लागतो." त्याने त्यात शालनचा नंबर भरला, फोन सर्जेरावांसमोर उभा केला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

सर्जेराव फोनकडे वाकले. म्हणाले, "शालनला फोन लाव."

शालनच्या पिशवीतला फोन वाजला. आवाज नीट यावा म्हणून ती बाहेर रस्त्यावर गेली. "हं, बोला."

"हात दुखतात गं. नाहीत, तरी बोटं ठणकतात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या तोंडाकडे बघून जमलं नाही."

ती वळणार होती, ती थांबली. दुकानाकडे पाठ करून तशीच उभी राहिली.

"आणखी सांगा," ती म्हणाली. "ऐकतेय मी."