नंतर वाचू

साइट महिनाअखेरीला बंद होणार, आपापलं साठवलेलं उतरवून घ्या, अशी सूचना आली होती. म्हणून कोहेई रविवारी सकाळी संगणकापुढे बसला. पंधरा वर्षं नेटवर जे जे दिसलं ते त्याने तिथे साठवलं होतं आणि प्रत्येकाला टॅग लावला होता. ‘काम’ एकशे चाळीस. ‘स्वयंपाक’ साठ. ‘नंतर वाचू’ तीन हजार एकशे बारा.

"तीन हजार?" चिसातो जुनी वर्तमानपत्रं दोरीने बांधत होती. रद्दीची गाडी उद्या यायची होती. "निवृत्त झालास की रोज दहा वाच. बायकोशी बोलायची गरजच उरणार नाही."

"सगळेच असं ठेवतात."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. पुसून टाक."

कोहेईलाही ते पटत होतं. पुसण्याआधी त्याने सहज एक उघडलं. गुडघेदुखीवरचा लेख होता. खाली, ज्यांनी ज्यांनी तो साठवला त्यांची नावं आणि प्रत्येकाचा एका ओळीचा शेरा. शेवटचा शेरा कुणा ‘तोकिवामारू’चा होता: ‘वाचला. मुद्दा एकच, जिने चढ. बाकी पाल्हाळ.’

त्याला हसू आलं. त्याने दुसरा लेख उघडला, झोप न येण्यावरचा. तिथेही तोच. ‘वाचला. रात्री कॉफी पिऊ नकोस. लिहिणारा बहुधा स्वतःच जागा आहे.’ तिसरा, बॉसशी कसं वागावं यावरचा. ‘वाचला. मान डोलाव आणि आपलं काम कर. आमच्या बोटीवर हेच चालायचं.’

कोहेईचं हसू गेलं. तोकिवामारू हे त्याच्या वडिलांच्या बोटीचं नाव होतं.

एका नववर्षाला बाबांकडे, हिमी या गावी गेला असताना त्यानेच बाबांना तिथे खातं काढून दिलं होतं. बाबांनी त्याची यादी खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "एवढं तू वाचणार कधी?" वेळ मिळाला की, असं तो म्हणाला होता. बाबांनी ते मनावर घेतलं होतं. जन्मभर मासे धरलेल्या माणसाने चष्मा सावरत मुलाचं राहिलेलं वाचन एकेक करून उरकलं होतं आणि त्याचं सार त्याच्यासाठी ठेवून दिलं होतं. कोहेईने त्यातलं एकही पान पुन्हा उघडलं नव्हतं.

चिसातो येऊन खुर्चीमागे उभी राहिली. दोन शेऱ्यांना ती खळखळून हसली. मग तिने नाव वाचलं आणि दोरी हातातच राहिली.

शेरे दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये थांबले होते. शेवटचा होता तो बाबांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराखाली. मच्छीमार संस्थेच्या साइटवर सभासदांना लिहायला जागा असते, तिथे त्यांनी लिहिलं होतं: ‘बोट विकण्याआधी’. त्याची लिंक त्यांनी कोहेईला पाठवली होती. कोहेई तेव्हा मीटिंगमध्ये होता. त्याने टॅग लावला आणि फोन खिशात घातला. खाली बाबांचा शेरा होता: ‘याचं सार सांगणार नाही. हे तू स्वतः वाच.’

त्याने पान उघडलं. जेमतेम पाच-सहा ओळी. तोकिवामारू एप्रिलमध्ये शेजारगावच्या माणसाकडे जाईल. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे पाचला तिला शेवटची बाहेर काढतो आहे. जाळं टाकणार नाही, नुसती फेरी. बोटीत दोघांना जागा आहे. कोहेईला सवड असली तर यावं. सहापर्यंत थांबेन.

खाली फोटो होता. फळीवर दोन लाइफ जॅकेटं. एक विटलेलं, एक नवंकोरं.

त्या रविवारी आपण काय करत होतो ते कोहेईला आठवेना. काही महत्त्वाचं असतं तर आठवलं असतं. तेच त्याला जास्त लागलं. त्याने फोन लावला.

बाबांनी उचलला. मागे टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालली होती.

"बाबा, मी ते वाचलं. बोटीचं."

टीव्हीचा आवाज बारीक झाला. "कधी?"

"आत्ता."

"अस्सं."

"मला फोन का नाही केलात?"

"फोन केला असता तर तू कामं टाकून आला असतास, नाहीतर नाही म्हणाला असतास. मला दोन्ही नको होतं. आणि लिंक पाठवली त्याच दिवशी तू खूण केलेली मला दिसली की! म्हटलं, चला, पोराच्या ध्यानात आहे."

चिसातोने कोहेईच्या खांद्यावर हात ठेवला.

"सहापर्यंतच थांबलात ना?"

"आठ वाजले." बाबा खाकरले. "दिवस छान होता, म्हणून. बाकी काही नाही."

"चुकलं माझं, बाबा."

"जाऊ दे रे. हे बघ, बोट घेणाऱ्याला मी एकच जॅकेट दिलं. दुसरं तुझ्या मापाचं आणलं होतं, ते दारामागे टांगलंय. घेऊन जा."

"येतो मी. याच शनिवारी..."

"अरे, एवढी घाई नाही," बाबा समजुतीने म्हणाले. "नंतर ने, सवडीने."