सांडव्याची फळी

बाबली कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला गेला होता, दत्तारामाचा बंधारा बघायला नव्हे. बंधारा दिसला की त्याच्या पोटात दुखायचं आणि हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. वाटणीत बाबलीला कातळ आला आणि पाण्याचा व्हाळ गेला चुलतभावाकडे, दत्तारामाकडे. त्याने जेसीबी आणून व्हाळाला मातीचा बंधारा घातला, तेव्हापासून त्याचे भाताचे कुणगे मे महिन्यातही हिरवे असत. दर पावसाळ्यात बाबली तिठ्यावर सांगायचा, “ह्या वर्षी फुटतलो.” तो काही फुटायचा नाही. मग बाबली आणखीच जळायचा.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी कुर्लीचं मोठं बीळ होतं. त्यातून पाणी येत होतं. बाबलीने ओंजळ धरली. पाणी चहासारखं गढूळ होतं. निवळ पाणी झिरपलं तर काळजी नसते. गढूळ पाणी बंधाऱ्याची माती पोखरून आणतं. खाली दत्तारामाचाच गोठा, त्याचीच नुकती झालेली लावणी. बाबलीचं तिथे काडीचंही नव्हतं. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

मग तो चढून वर गेला.

दत्ताराम तुडुंब भरलेलं पाणी कौतुकाने बघत उभा होता. हातभर पाणी जास्त साठावं म्हणून त्याने सांडव्याच्या तोंडाला फणसाची फळी ठोकली होती.

“दत्ता, फळी काढ. पाणी उतरव. खाली गढूळ येता.”

दत्ताराम हसला. “इलस? वाटच बघी होतंय तुझी. भरलेला पाणी तुका बघवणा नाय, ह्या माका म्हायत आसा.”

“ता खरा. पण फळी काढ.”

“जा, तिठ्यार जावन सांग.”

बाबलीने डोक्यावरची कांबळ्याची खोळ काढून बगलेत मारली आणि तो आतल्या बाजूने छातीभर पाण्यात उतरला. पायाने चाचपत गेला. एका जागी पाणी तळवा आत ओढायला लागलं. तिथे त्याने आख्खी खोळ कोंबली, वर चिखल लोटला आणि टाच रोवून उभा राहिला, शेताच्या मेरेतलं भोक बुजवताना राहतात तसा.

आता मात्र दत्ताराम पायथ्याशी जाऊन आला. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग साचला होता. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्याने मुकाट्याने फळी उपटली. पाणी सांडव्यातून धो धो निघालं.

पाणी बाबलीच्या छातीवरून कमरेपर्यंत उतरलं.

“तुझा ह्यात काय होता रे?” शेवटी दत्तारामाने विचारलं. “बंधारो फुटलो असतो तर तूच खरो ठरलो असतस.”

बाबलीने टाच उचलली नाही.

“आणि मगे माका जळाक काय उरला असता?”