शिशाचा माणूस

तुम्ही खोटं बोललात. कंपनीचे डॉक्टर म्हणून टेबलापलीकडे बसून, एकदाही तोंड उघडायला लावून त्याच्या शिशाने काळ्यानिळ्या पडलेल्या हिरड्या न बघता तुम्ही ठरवलंत की एमस सगडनची मनगटं दारूने गेली. शनिवारी दोन ग्लास बिअर पिणाऱ्या माणसाला अख्ख्या गावात बेवडा करून सोडलंत.

तो एमस आज चर्चच्या बुरुजाचा जिना चढत होता. हात मनगटापासून खाली लोंबत होते, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. कठडा धरता येईना, म्हणून बायको, हेटी, मागून त्याच्या पाठीला टेकू देत होती.

वरचं शिशाचं छप्पर त्यानेच घातलेलं. शेवटचा पत्रा बसला आणि त्याच आठवड्यात हातोडा हातातून गळाला तो गळालाच. छप्पर पुरं झालं की ते घालणाऱ्या प्लंबरने शिशावर पाय ठेवायचा, बुटाभोवती रेघ कोरायची, आत नाव घालायचं. यॉर्कशरमधल्या त्या गावात हे कुणी चुकवत नसे. एमसचं राहून गेलं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याला झोप लागत नव्हती.

"ठेव पाय." हेटी गुडघ्यांवर बसली, एप्रनच्या खिशातून खिळा काढला. "अगंबाई, बूट आहे की होडी?"

"हळू. गुदगुल्या होतात."

"बुटातून? चल, उगाच!"

शिसं मऊ, खिळा सहज रुतत गेला. काळपट पत्र्यावर रेघ चांदीसारखी उजळली. टाचेपाशी तिचा हात घसरला, रेघ वाकडी गेली. एमसने पाय तसाच धरून ठेवला. एरवी असल्या रेघेवरून त्याने कुणाचंही डोकं खाल्लं असतं.

आत तिने नाव कोरलं. "पुढे?"

"प्लंबर लिही. सगळे लिहितात."

तिने दोन अक्षरं काढली. "हा शब्द तरी कसला रे? इतकी वर्षं तुझे कपडे धुतले, कधी विचारलंच नाही."

"शिशाचा माणूस. जुन्या रोमन लोकांच्या भाषेत शिसं म्हणजे प्लंबम. उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

खिळा थांबला.

"काय गं? लिही ना. वारा बोचतोय."

हेटीने खिळा खाली ठेवला. त्याचा लोंबता हात दोन्ही तळव्यांत घेऊन तोंडापाशी नेला, त्यावर ऊन फुंकर घातली, एकेक बोट चोळलं. मग हात तसाच छातीशी धरून ती उठली आणि खाली तुमच्या कंपनीच्या कचेरीकडे तोंड करून ओरडली. बाजारातली माणसं माना वर करून बघू लागली.

"हेटी, अगं, लोक बघतायत."

"बघू देत! नावातच शिसं घालून याला कामाला लावलंत, आणि हातात कुठून आलं म्हणता? बोला की आता!"