लाल चिंधीची टोपली

"पळपुटे साले! मासे आमचे खायचे आणि बोट आली की न्यूझीलंडला सुटायचं!"

माशांची पोटं फाडता फाडता पासिलिओ ओरडत होता. समोर तिमोतेओ. त्याचा काका मागच्याच बोटीने गेला होता.

"तोंड आवर. त्यांना काय हौस असते जायची?"

"आमच्या घरचं बघ. धाकट्या लितियाच्या जराशा धापेसाठी आई न्यूझीलंडला जायला बोचकी बांधून बसली होती. मी होडी काढली आणि पलीकडच्या बेटावर लपलो. बोट गेली तशीच. बोलते का आता काही?"

टोकेलाऊच्या बेटांवर मासे कुणीही पकडोत, किनाऱ्यावर ढीग लागतात सगळ्या गावाचे. घराला एक. कालोलो आजोबा घराचं नाव घेतात, त्या घरचं पोर टोपली घेऊन येतं. पूर्वी ढीग पार चर्चपर्यंत जायचे. आज दोन माडांच्या मध्येच मावले.

नावं संपली. आजोबांनी हात धुतले.

"ओ आजोबा, आमचं राहिलं की!" पासिलिओ हसला. "म्हातारे झालात."

कुणीच हसलं नाही. लितियाचाही पत्ता नव्हता. एरवी ही धाकटी बहीण सगळ्यांच्या पुढे घुसायची.

मग त्याला टोपली दिसली. कडेला लाल चिंधी, लितियानेच बांधलेली. शेजारच्या सेलाच्या हातात.

"ए, आमची आहे ती! ठेव खाली!"

सेला रडकुंडीला आली. "लितियानेच दिली. म्हणाली, आम्हाला नको आता."

सुरी वाळूत पडली. धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"तुला सांगू नका म्हणाली तुझी आई," आजोबा म्हणाले. "तू परत लपला असतास. रात्री लितिया निळी पडली होती, पोरा. तू मासे धरायला गेलेला."

 आजोबांनी पानाखालून एक मोठा मासा काढला. पासिलिओनेच पकडलेला.

"राहायचं असेल तर राहा. एकट्याचा वाटा लावतो. आजवर कुणाला लावला नाही."

सगळे त्याच्याकडे बघत होते. आता तिमोतेओने म्हणायला हवं होतं, पळपुट्या. तो म्हणाला नाही.

पासिलिओने मासा उचलला. सेलाच्या टोपलीत टाकला. चिंधीला हात लावला, पण ती सोडून घेतली नाही.

"मला निघायला पाहिजे आता."