तिसऱ्या रांगेतली खुर्ची

"तिकीट कोणी काढलं?" लोर्ना श्मिटने दुसऱ्यांदा विचारलं.

"मीच," इव्हान कोवाच म्हणाला. "पैसे साठवलेले होते थोडे."

लोर्नाने ते लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. आयोवातला फेब्रुवारी, गाडीतळावर काळवंडलेल्या बर्फाचे ढीग. कॉलेजचे खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघायची तिची नोकरी, आणि बावीस वर्षांत तिच्यावर कोणी प्रेम केल्याचं ऐकिवात नव्हतं.

दर ऑगस्टला ती सगळ्या खेळाडूंना एका हॉलमध्ये कोंबायची आणि तेच ते सांगायची. कॉलेजच्या खेळांना देणगी देणारा तो पाठीराखा. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. जेवण नाही, बूट नाही, विमानाचं तिकीट तर नाहीच. "चुकून घेतलंत, तर मी वाचवीन. दोन लढती बाहेर बसाल, विषय संपला. पण माझ्याशी खोटं बोललात तर मीही काही करू शकत नाही. खेळ जाईल, शिष्यवृत्ती जाईल, घरी जाल." पोरं जांभया देत सह्या करायची. इव्हाननेही तीन वर्षं केल्या होत्या.

इव्हान कुस्तीतला. एकशे सत्तावन्न पौंडांच्या गटात यंदा तो एकदाही हरला नव्हता, आणि देशपातळीची स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. मॅटवर तो कोणाला ऐकायचा नाही. मॅटबाहेर मात्र भोळा सांब.

जानेवारीत पेनसिल्व्हेनियाहून बहिणीचा फोन आला तेव्हा तो सराव संपवून हॉलच्या पायऱ्यांवर बसला होता. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. बसने पोचायला दीड दिवस लागणार होता, आणि डॉक्टर दीड दिवसाची खात्री देत नव्हते. पोरगं तिथेच गुडघ्यात डोकं घालून रडायला लागलं. मर्ल हॉगन तेव्हा नातवाला न्यायला आला होता.

हॉगन म्हणजे बियाण्यांचा मोठा व्यापारी. कुस्तीच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत त्याची खुर्ची, पाठीवर त्याच्या नावाची पितळी पट्टी. एक्केचाळीस वर्षं तो तिथे बसत होता. त्याचा नातू ब्रॉक इव्हानच्याच वजनाचा. एका वजनाला एकच पैलवान उतरतो, त्यामुळे ब्रॉक तीन वर्षं बाकावर बसून इव्हानचा टॉवेल सांभाळत होता. म्हातारा कधी कुरकुरला नाही. उलट इव्हानने कोणाला चीत केलं की पहिली टाळी त्याची. ब्रॉक त्याला आजोबा म्हणायचा, म्हणून सगळा संघ आजोबाच म्हणायचा.

हॉगनने पायरीवरच बसून फोनवर तिकीट काढलं. दहा मिनिटं लागली असतील.

"जा पोरा, आईजवळ जा. फक्त माझं नाव कुठे काढू नकोस. त्या नियमवाल्या बाईला कळलं तर माझी खुर्ची काढून घेईल. बायको गेल्यापासून तेवढी एकच जागा उरलीय मला."

इव्हानने शब्द दिला. तो पोचल्यावर आई चार तास जगली. तिला बोलता येत नव्हतं, पण तिने त्याचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. ते चार तास म्हाताऱ्याने दिले, हे तो रोज आठवायचा.

"इव्हान," लोर्ना आता पुढे झुकली. "नियमाप्रमाणे मी दोनदाच विचारायचं असतं. मी तिसऱ्यांदा विचारतेय. का विचारतेय त्याचा विचार कर आणि मग बोल. तिकीट कोणी काढलं?"

तिने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. इव्हानला तिसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची दिसली, पट्टी काढलेली, स्क्रूची भोकं तेवढी उरलेली.

"मीच काढलं, मॅडम. सही कुठे करू?"

लोर्नाने उत्तर लिहून घेतलं आणि बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. मग तिने खण उघडला आणि एक कागद काढून उपडाच टेबलावर ठेवला.

"तिकीट मर्ल हॉगनच्या कार्डावर निघालंय. सोमवारपासून मला माहीत आहे. आधी विचारायचं आणि मग सांगायचं, असा नियम आहे. मी नाही केलेला. आणि माझ्याकडे आला असतास ना, तर कॉलेजनेच तिकीट काढून दिलं असतं. असल्या वेळेसाठी फंड आहे. दर ऑगस्टला सांगते मी. तू झोपला असशील."

बारा वर्षं मॅटवर घासून जाड झालेले इव्हानचे कान लालभडक झाले होते. स्पर्धा गेली, शिष्यवृत्ती गेली, कॉलेज गेलं, हे एकेक त्याला कळत होतं. घरी जाऊन सांगायला आता आईही नव्हती.

"माझं गेलं ते गेलं," तो म्हणाला. "पण मॅडम, आजोबांची खुर्ची काढू नका. म्हातारा माणूस आहे, चांगल्या मनाने केलं त्यांनी."

लोर्नाने त्या उपड्या कागदावर हात ठेवला.

"त्यांच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही," ती म्हणाली. "जो स्वतः येऊन कळवतो, त्याला आम्ही आभाराचं पत्र पाठवतो."