वारसाची सही

"अकरानंतर एकदम तेरा? बारावं पान कुठे गेलं, ताई?" पलंगावरून रंगाऱ्याने विचारलं.

संपादिका अडखळली. त्याला पानांचे आकडे दिसत असतील हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला, तेव्हापासून त्याचं मानेखालचं अंग लुळं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं बायकोच करायची. गेल्या वर्षी तीच बसल्या जागी गेली. आता त्याची बहीण येऊन राहिली होती.

आजारी माणसं सांभाळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चर्चामंच होता. बायको तिथे टोपणनावाने लिहायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. आता त्या लिखाणाचं पुस्तक निघणार होतं. "सगळ्यांसाठी खुलंच होतं की, परवानगी कशाला?" असं प्रकाशक म्हणाला होता. त्याच्याच वकिलाने त्याला तिथेच थांबवलं. "वाचायला खुलं होतं, छापायला नाही. लिहिलेलं लिहिणारीचं. ती नसेल तर तिच्या वारसाचं."

मूलबाळ नव्हतं. वारस म्हणजे हा नवराच. ऐकल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला, आणि पान हातात धरता येत नाही म्हणून संपादिकेलाच वाचायला लावलं. 'रंग नीट बसला नाही म्हणून हा दिवसभर छताशी भांडतो,' या वाक्याला तो हसलाही होता.

"बारावं राहू द्या, काका. ते आम्ही छापणार नाही."

"तिनेच लिहिलंय ना? मग वाचा."

तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मान वर न करता वाचू लागली.

'आज दुपारी तो गाढ झोपला होता. मी उशी उचलली. त्याच्या तोंडापासून वीतभर वर धरून उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. मग ती जागेवर ठेवली आणि दूध तापवायला गेले. त्याला काही कळलं नाही, एवढंच नशीब.'

दारात उभी असलेली बहीण आत निघून गेली.

"सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

संपादिकेने पुठ्ठ्यावर कागद लावून त्याच्या हाताखाली सरकवला, बोटांत पेन अडकवलं. एकेक अक्षर ओढायला त्याला बराच वेळ लागला. कपाळावर घाम आला.

"बारावं पान गाळायचं नाही," तो म्हणाला.

"बरं. त्यात काही बदल?"

"नको. तिने लिहिलंय तसंच राहू दे." त्याने नजर छताकडे वळवली. "एक चूक आहे त्यात. मी झोपलो नव्हतो. तिला सोपं जावं म्हणून डोळे मिटून घेतले होते."